लाल हलके, काळे जड

मराठी टाइप करून पोट भरणारा माणूस आहे मी. लेखक मंडळी हाताने लिहितात, प्रकाशक ती बाडं माझ्याकडे पाठवतात, आणि विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसून मी ती कॉम्प्युटरवर चढवतो. लोकांना वाटतं हे काम डोळ्यांचं आहे. डोळ्यांचं नाही, बोटांचं आहे. चष्म्याचा नंबर वाढला तर नवा चष्मा मिळतो. बोटं गेली तर मी कुणाच्याही कामाचा नाही, हे मला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. म्हणून कीबोर्डच्या बाबतीत मी कमालीचा नखरेल आहे, आणि बायको त्याला खूळ म्हणते.

संध्याकाळी त्याच कीबोर्डवर मी बंदुकीचा गेम खेळतो. पन्नाशीला टेकलेला माणूस गेम खेळतो म्हणून ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. माझ्या जोडीला असतो माझा थोरला भाऊ. तो नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात, आमच्या जुन्या घरी राहतो, एकटाच. लग्न केलं नाही त्याने. वाडीत भाजी आणि फुलं लावतो. नालासोपाऱ्याच्या एका सायबर कॅफेत आम्ही दोघांनी हे वेड लावून घेतलं, तेव्हा दोघांच्याही डोक्यावर भरपूर केस होते.

पण आम्ही बोलत नव्हतो. वडील गेले तेव्हा तेराव्याच्या पंगतीत, सगळ्या भाऊबंदांसमोर, मी त्याला म्हटलं होतं की तू त्यांना घरातच सडवलंस, धड दवाखाना केला नाहीस. तो खाली मान घालून भात कालवत राहिला. त्यानंतर गणपतीला जाणं बंद, फोन बंद. काही वर्षांनी एका संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर त्याचं खेळायचं आमंत्रण आलं. मी स्वीकारलं. माइक त्यानेही लावला नाही, मीही नाही. गेममधल्या माणसाला गुडघ्यावर बसवून उठवलं की 'चल', दोनदा बसवलं की 'थांब', एवढीच आमची भाषा. माझी मुलगी त्या अबोल्यातच शाळेतून कॉलेजात गेली. खेळ मात्र चुकत नव्हता, आणि तो सुटला असता तर भाऊही सुटला असता.

आता स्विचबद्दल. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक छोटी डबी असते, तिच्यात एक दांडी आणि एक स्प्रिंग. काही डब्या दाबल्या की कट्ट वाजतात. काहींमध्ये अर्ध्या वाटेवर बोटाला एक उंचवटा लागतो. तिसऱ्या जातीत आवाजही नाही आणि उंचवटाही नाही, दांडी सरळ खाली जाते आणि सरळ वर येते. त्यांना लिनिअर म्हणतात आणि मी त्यांचाच भक्त. कट्ट वाजणारा कीबोर्ड मी एकदा आणला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं की तुम्ही घरात शिलाईचा धंदा सुरू केलाय का.

लिनिअरमध्येही रंग असतात आणि रंगावरून स्वभाव कळतो. लाल हलके. त्यांच्यावर मराठी धावते, पण बोट नुसतं टेकवून विचार करत बसलात तर नको ते अक्षर उमटतं. काळे जड. दिवसभर दाबून संध्याकाळी मनगट भरून येतं, पण चुकून एक अक्षर पडत नाही. रुपेरी लालांपेक्षाही उतावळे, बोट जेमतेम हललं की काम झालेलं असतं. गेममध्ये ते सोनं, टायपिंगला मात्र ताप. इंटरनेटवर गोरीगोमटी पोरं तासतासभर याच गोष्टी सांगतात आणि शेवटी म्हणतात की ज्याची त्याची आवड. इतका वेळ खाऊन शेवटी हेच सांगायचं होतं तर आधीच सांगायचं ना!

माझा कीबोर्ड असा होता की त्यातले स्विच चिमट्याने उपटून दुसरे बसवता येतात. मी वर्षानुवर्षं लाल वापरत होतो. एका हिवाळ्यात सकाळी कामाला बसलो तर स्क्रीनवर एका कान्याच्या जागी चार काने. पुसले. पुढच्या ओळीत वेलांट्यांची रांग. मराठीच्या मांडणीत काने, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताखाली येतात, आणि गेममध्ये चालायची-पळायची बटणंही तीच. म्हणजे त्या बाजूचे स्विच दुप्पट झिजणार. मी स्विचला शिव्या घातल्या, उपटले, उघडले, ब्रशने साफ केले, थेंब-थेंब तेल दिलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

तासभर काम झालं की त्रास कमी व्हायचा. त्यामुळे मला वाटलं की तेल रुळायला वेळ घेतंय. बोटं आखडल्यासारखी वाटत, तर मी म्हटलं, दमली बिचारी, त्यांना आणखी हलकं काहीतरी द्यावं. आम्हा लिनिअरवाल्यांचा हा ठरलेला उपाय आहे. बोट थकलं की स्प्रिंग हलकी करा. मी डाव्या बाजूला रुपेरी बसवले, आणि मग तर कहरच झाला. एका शब्दापुढे मात्रांचं शेपूट लागलेलं बघून एका प्रकाशकाच्या माणसाने फोनवर विचारलं, "साहेब, सगळं ठीक आहे ना घरी?" मी त्याला फाडून खाल्लं. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. पहिल्यांदाच वाटली, आणि कशाची ते मी स्वतःलाही सांगितलं नाही.

गेममध्येही माझी दैना होती. एक लाकडी पूल होता, त्याच्या टोकाशी थांबून पलीकडे नेम धरायचा. मी टोकाशी यायचो आणि थेट पुढे चालत दरीत जायचो. भाऊ पुलावर उभा राहून बघायचा. दोनदा गुडघ्यावर बसायचा, थांब, थांब. मी थांबायचं म्हणायचो आणि माझा माणूस चालतच राहायचा.

मग एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली आणि दारात भाऊ उभा. या फ्लॅटमध्ये त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. मनगटात अडकवलेल्या पिशवीत वाडीतली वांगी आणि मुळा. बायकोने मला काही विचारायच्या आत त्याला आत घेतलं. मुलगी आतल्या खोलीतून आली, "काका!" म्हणाली आणि वाकून नमस्कार करून पुन्हा फोनवर बोलायला गेली. तिने त्याला लहानपणी पाहिलेला आणि नंतर फोटोत. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला.

मी उठून उभाही राहिलो नाही. त्यानेच सुरुवात केली.

"तू थांबत नायस."

"काय?"

"खेळात. मी थांबतो, तू चालत ऱ्हातोस. आधी वाटलं नेट गेलं असंल. पन नेट गेलं तर मानूस जागच्या जागी अडकतो. तू पुढं चालतोस, सावकाश, सरळ. तुझं बोट बटनावरनं उठत नाय."

मी म्हटलं, "स्विच खराब आहेत."

"स्विच खराब नाय तुझे." त्याने पिशवीच्या तळाशी असलेला मिठाईचा खोका काढून पुढे सरकवला. "उघड. काळे हायेत. स्प्रिंगा बदलून आनखी जड केलेत. ते हलके सगळे काढ नि हे घाल. दाबायला जोर लागंल, पन सुटताना बोटाला घेऊन वर येतात."

खोक्यात काळे स्विच होते, वापरलेले, दांड्यांच्या कडा चकचकीत झालेल्या. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी स्प्रिंगकडे नेहमी वैऱ्यासारखं बघायचो, बोटाला अडवणारी म्हणून. ती बोटाला उचलूनही देते, हे मला त्या दिवशी कळलं. माझं दाबणं ठीक होतं. मला सोडता येत नव्हतं, आणि मी महिनोन् महिने दाबणंच सोपं करत बसलो होतो.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला, मूठ वळली आणि उघडली. म्हणजे उघडायला घेतली. बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी तशीच राहिली. मग एकेक करून, ओलं कापड सोडवावं तशी, सावकाश सुटली. मी माझी मूठ वळली. माझीही तशीच सुटली, त्याच्यापेक्षा थोडी लवकर. बायको चहा घेऊन आली आणि आम्हा दोन म्हाताऱ्यांना एकमेकांसमोर मुठी उघडताना बघून दारातच थांबली.

आणि मला वडील आठवले. गावात वडिलांचं कौतुक होतं की हा माणूस हातात हात घेतला की सोडत नाही. लग्नाला, मयताला, चर्चच्या सणाला शेजारच्या वाडीतल्या किरिस्तांव घरी गेले तरी, समोरच्याचा हात धरून उभे राहायचे. लोक म्हणत, केवढी माया! मीसुद्धा कॉलेजला निघताना तो हात अनुभवला होता आणि मला वाटलं होतं की बाप मला सोडायला तयार नाही.

"बापाला मी दाखवलं होतं," भाऊ म्हणाला. "मुंबईला, मोठ्या हास्पिटलात. तू म्हनलास ना पंगतीत, दवाखाना नाय केला. केला होता. डाक्टर म्हनला, औषध नाय याच्यावर. रक्तात हाय. पोरांत उतरतं. उतरलं तर उतरलं, नाय तर नाय."

"हे कधीचं?"

त्याने चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला, कपाच्या कानाला बोट न लावता. एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"तुझा साखरपुडा ठरला होता तवा."

मला राग आला. लिहितानाही येतोय. मी ओरडलो की मला का सांगितलं नाहीस, तू कोण ठरवणारा, माझ्या आयुष्याचा निवाडा तू घरबसल्या केलास. बायको तिथेच उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता, कारण ज्या साखरपुड्याबद्दल बोलणं चाललं होतं तो तिचाही होता. भावाने मला पूर्ण ओरडू दिलं.

मग हळू आवाजात म्हणाला, "सांगितलं असतं तर केलं असतंस लगीन? मी नाय केलं."

आतल्या खोलीतून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. मैत्रिणीशी काहीतरी चाललं होतं. त्याने मानेने त्या बाजूला दाखवलं. "मग ती कुठनं आली असती?"

त्याने आमच्यावर उपकार केले की आमचा घात केला, हे ठरवायला बसलो की दर वेळी वेगळा निकाल येतो. बायकोचा निकाल मला ठाऊक नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "दादा, हे स्विच मला दिलेस, तुझ्या कीबोर्डला काय?"

"मला आता दाबवत नाय," तो म्हणाला. "आधी उचलनं जातं. मग दाबनं जातं. हलके घालून बघितले, त्याच्यावर बोट पडून ऱ्हातं. आता खेळनं जमायचं नाय." एवढं सांगून तो कठड्याला कोपर टेकत जिना उतरला. माझ्याशी खेळता यावं म्हणून त्याने स्प्रिंगा जड केल्या होत्या, आणि माझ्या लक्षात काहीही आलं नव्हतं. त्याचा माणूस पुलावर वेळेवर थांबायचा, एवढंच मला दिसायचं.

त्या आठवड्यात मी काळे स्विच बसवले. डाव्या अर्ध्या भागाला पुरले, उजवीकडे लालच ठेवले. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या पानालाच मला आनंद झाला. बोट खाली ढकलायला खांद्यापासून जोर लावावा लागत होता, आणि तळाशी गेलं की खालून कुणीतरी हात द्यावा तसं ते वर येत होतं. काने एकेकटे उमटले. डावा हात चिखलात, उजवा सिमेंटच्या रस्त्यावर, असं काहीतरी विचित्र टायपिंग झालं, पण ते बाड मी पूर्ण केलं आणि त्यात एकही शेपूट नव्हतं. गेम मी काढून टाकला. अनोळखी माणसांबरोबर पुलावर उभं राहण्यात मला रस नाही.

नंतर हॉस्पिटल झालं. सुया टोचून झाल्या, रक्त देऊन झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. भाऊ बोलला तेच त्यांनी जरा सभ्य शब्दांत सांगितलं: स्नायू आवळले की लवकर सैल होत नाहीत, पुढे त्यांतला जोरही जातो, औषध नाही. मुलीचं विचारलं तर म्हणाल्या, ती सज्ञान आहे, तिला सांगा, तपासणी करायची की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. अपत्यात येण्याची शक्यता निम्मी-निम्मी.

घरी परत येताना बायको म्हणाली, "अहो, परीक्षा होऊ दे तिची." परीक्षा झाली. मग म्हणाली, नोकरीचं होऊ दे. मी तिला दोष देत नाही, कारण ती बोलायच्या आधी दर वेळी मीच गप्प बसलेलो असतो. भावाला मी जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं होतं की तू कोण ठरवणारा. आता तेच ठरवणं माझ्याकडे आलंय आणि मी रोज ते उद्यावर ढकलतोय.

भावाकडे रविवारी जातो. विरारहून गासला जायला वेळ लागतो तो ट्रॅफिकचा. तो पडवीत बसलेला असतो. वाडी बटाईने दिली आहे. मी भात कालवून देतो, तो चमच्याने खातो; चमच्याला जाड रबर गुंडाळलंय. आम्ही आता बोलतो, इतकं बोलतो की कधीकधी त्याचा मला कंटाळा येतो. त्याचे हात बघतो तेव्हा मला माझं पुढचं वर्ष दिसतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्याला ते कळत असणार.

आणि परवाची गोष्ट. सकाळी मुलीला नोकरीचा एक अर्ज भरायचा होता आणि तिचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. माझ्या जागेवर बसली. मी मागे उभा राहिलो. अर्ज झाल्यावर म्हटलं, "जरा हे टाइप करून बघ," आणि समोरच्या बाडातला एक परिच्छेद दाखवला. म्हटलं, डावीकडे काळे आहेत, उजवीकडे लाल, कसं वाटतं सांग, एका प्रकाशकाला कीबोर्ड सुचवायचाय. खोटं बोललो. मला तिची बोटं बघायची होती. तपासणी तिला विचारून करायची असते, ती मी अशी न विचारता करत होतो.

तिला मराठीची मांडणी माहीत नाही, इंग्रजी अक्षरांत टाइप करत होती. पण बटणं तीच. मी स्क्रीनकडे डोळे लावून उभा राहिलो. एकही अक्षर चुकून दोनदा उमटलं नाही. पूर्ण ओळ स्वच्छ, मग दुसरी, मग तिसरी. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं बरं वाटलं की तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि मी फिरवला. "काय झालं बाबा?" म्हणत ती हसली.

"काही नाही. कसं वाटलं ते सांग."

तिने दोन्हीकडची बटणं पुन्हा दाबून पाहिली, डावीकडचं, उजवीकडचं. "लाल स्मूथ आहेत, पण त्यांच्यावर बोट सांभाळून ठेवावं लागतं. माझ्या लॅपटॉपवर पण हल्ली तसंच होतं, सकाळी सकाळी तर जास्तच. एकच अक्षर चारदा पडतं. त्या दुरुस्तीवाल्याला तेच सांगितलंय, बटणं अडकतायत म्हणून." मग तिने डावा हात पुन्हा काळ्यांवर ठेवला आणि चार बटणं पाठोपाठ दाबली. "हे जडवाले सॉलिड आहेत. बोट आपोआप वर येतं. बाबा, मला पण असेच घेऊन दे ना."

घेऊ या, म्हटलं.